बिनमेणाची फुलं

डीका रेन्सिंकला कोंबडी आवडायची ती फक्त सुपात. जिवंत कोंबडी म्हणजे बिनडोक, घाणेरडं आणि भांडखोर जनावर, असं तिचं मत होतं. हे मत ती कोंबड्या पाळणाऱ्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच कॉफीचा कप हातात धरून सांगायची. आयुष्यभर तिनं आमच्या भागात सायकलवरून टपाल वाटलं. लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायची, "कुणाच्या दारात पाच मिनिटांच्या वर थांबायची सवय नाही मला." कुत्री तिला चावली, पण एकाही कुत्र्याला दुसऱ्यांदा चावायचा धीर झाला नाही. असं मी म्हटलं की ती मला गाढव म्हणायची.

मी डेर्क. तिच्या पुढचं घर माझं. गायी कधीच विकल्या, पण गोठा आहे आणि गोठ्यातलं औषधांचं कपाटही आहे. बायको म्हणते टाकून दे, मी टाकत नाही.

ॲमस्टरडॅमकडचे लोक शेजारी म्हणजे भिंतीपलीकडे रेडिओ लावणारा माणूस समजतात. आमच्या अख्तरहुकात, देशाच्या पूर्वेकडच्या खेड्यांत, शेजारी असणं हे एक काम आहे. घरात मूल झालं, कुणी गेलं, कुणाचा पाय मोडला, तर आधी पहिल्या, म्हणजे सगळ्यांत जवळच्या घरातल्या शेजाऱ्याला कळवायचं, मग नातेवाइकांना. तो येतो, गायींचं दूध काढतो, शवपेटीला खांदा देतो, आणि आभार मानलेले त्याला खपत नाहीत. लग्नाला पन्नास वर्षं झाली तर त्या दिवशी नवरा-बायकोनं इकडची काडी तिकडे करायची नाही, सगळं शेजाऱ्यांनी बघायचं. आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्या दाराला पाइनच्या फांद्यांची कमान बांधायची, तिच्यावर कागदी गुलाब लावायचे.

डीका लामर्सांच्या घराची पहिली शेजारीण. बेरेंड आणि यान्ना लामर्स यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस त्या जूनमध्ये होता.

कमानीच्या बाबतीत डीका म्हणजे फौजदार. सगळ्या रस्त्यावरचे बायका-पुरुष तिच्या टेबलाभोवती बसून क्रेप कागदाचे गुलाब वळायचे, आणि ती मागून फिरत एकेक उचलून बघायची. "हे काय आहे, डेर्क? कोबी?" म्हणायची आणि माझं फूल उलगडून परत हातात द्यायची. फुलं झाली की ती वितळलेल्या मेणात बुडवून वाळवायची असतात, नाहीतर पावसात रंग गळतो. हे काम कुणालाच आवडत नाही. बोटं भाजतात, चुलीवर मेण सांडतं, घरभर वास सुटतो.

त्या वर्षी डीका म्हणाली, "यंदा मेण नको."

माझी बायको हेर्मीन म्हणाली, "अगं, आणि पाऊस आला तर?"

"नाही येत. तीन ठिकाणी अंदाज बघितलाय. मेण लावलं की लाल रंग काळपट दिसतो."

"लाल? पन्नासाव्याला सोनेरी असतात ना?"

"सोनेरी सगळेच करतात. यान्नाच्या लग्नात लाल होते. मीच केले होते, अठरा वर्षांची असताना. तेव्हा कुठलं आलंय मेण!"

हेर्मीननं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. डीकाच्या तोंडाला कोण लागणार?

यान्नाबद्दल सांगायला हवं. आदल्या हिवाळ्यात तिला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. बोलणं तर गेलंच. उरले तीन शब्द: "हो", "नको" आणि "मीप". मीप म्हणजे तिची पांढरी कोंबडी. बाकीच्या सगळ्या तांबड्या, दणकट. मीप एकटीच पांढरी आणि हलकी, त्यामुळे जाळीवरून उडून बाहेर यायची आणि रोज सकाळी घराच्या पायरीवर येऊन बसायची. चालण्याचे व्यायाम करून घ्यायला शहरातून एक मुलगी यायची, तिला यान्ना सरळ "नको" म्हणायची. पण पायरीवर मीप आली की चाकांच्या वॉकरला धरून पलंगापासून दारापर्यंत पाय ओढत यायची आणि डाव्या तळहातावर मक्याचे दाणे धरायची. दिवसभरात तिचं चालणं ते तेवढंच.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालत राहिली तर घरी राहील," बेरेंडनं मला एकदा कुंपणापाशी सांगितलं. "अंथरूण धरलं तर शरद ऋतूत शहरातल्या शुश्रूषागृहात जागा बघावी लागेल. मला एकट्याला उचलवत नाही, डेर्क." हे तो स्वतःच्या लाकडी बुटांकडे बघत बोलला. मी म्हटलं, होईल सगळं ठीक. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी संध्याकाळी कमान उभी राहिली. दिसत होती झकास, खोटं कशाला बोलू. सगळ्यांनी दारूचा एकेक छोटा ग्लास घेतला आणि यान्ना खिडकीतून बघत बसली. शनिवारी पहाटे पावसाची एक जोरदार सर येऊन गेली.

सकाळी डीका पहिल्या शेजारणीच्या कामाला हजर झाली, तर कमानीतून लाल पाणी टपटपत होतं, पायरीवर लाल थारोळं झालं होतं, आणि त्या थारोळ्यात मीप यान्नाची वाट बघत बसली होती, पाठीवर लाल ओघळ घेऊन. तासाभरात पाहुणे यायचे होते. डीकानं कोंबडी उचलली, जाळीच्या आत नेली, पुन्हा उडून येऊ नये म्हणून आतल्या छोट्या खुराड्यात बाकीच्या कोंबड्यांबरोबर कोंडली, आणि सोडा घालून पायरी घासायला बसली. रंगच तर आहे, वाळेल, असा तिचा हिशेब. कोंबड्या पाळलेला कुठलाही माणूस असं करणार नाही. कोंबडीला लाल ठिपका दिसला की ती टोचून बघते, आणि टोचता टोचता खरं रक्त आलं की मग सगळा कळप तुटून पडतो. पण डीकानं कोंबड्या कधी पाळल्याच नव्हत्या.

मी शिडी घेऊन कमान सारखी करायला गेलो, तेव्हा मागून आवाज येत होते. मी आणि डीका दोघंही धावलो. मीप कोपऱ्यात डोकं खुपसून पडली होती आणि तांबड्या कोंबड्या तिच्यावर चढून टोचत होत्या. मानेपासून पाठीपर्यंत तळहाताएवढी कातडी सोलवटून लोंबत होती. एक डोळा सुजून बंद झाला होता. डीकानं झाडूनं कोंबड्या हाकलल्या आणि नुसती उभी राहिली.

"दे इकडे," मी म्हटलं. "एका झटक्यात सोडवतो तिला. बेरेंडला सांगू, कोल्ह्यानं नेली."

"भर दिवसा?"

"मग घारीनं."

डीकानं चांगला इस्त्रीचा एप्रन सोडला आणि कोंबडी त्यात गुंडाळली. "तुझ्या कपाटात गायींच्या जखमेवरचा निळा फवारा आहे ना? तो आण. माझ्या घरी."

"डीका, तू कोंबडीला हात लावलायस."

"गाढवा, पळ!"

तिच्या धुण्याच्या खोलीत टेबलावर टॉवेल अंथरून आम्ही कामाला लागलो. मी कोंबडीचं डोकं टॉवेलखाली झाकून धरलं. अंधार झाला की कोंबडी शांत होते. डीकानं जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली, कोमट मिठाच्या पाण्यानं रंग, रक्त, माती सगळं धुऊन काढलं. पाणी लाल व्हायचं, ती ओतायची, दुसरं आणायची. मग ती लोंबणारी कातडी. मी म्हटलं, कापून टाक. तिनं ऐकलं नाही. गुलाबाची पाकळी वळताना धरतात तशी दोन बोटांत धरून तिनं ती हळूहळू ताणून जागेवर बसवली.

"कागदच आहे नुसता," ती पुटपुटली. "ओल्या कागदासारखी लागते."

वरून निळा फवारा मारला. जंतूंसाठी तर तो असतोच, पण लाल रंगही झाकतो. बटाट्याच्या खोक्यात पेंढा घातला, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली, साखरपाण्याचे थेंब चोचीवर सोडले. मीपनं एक थेंब गिळला.

"वाचेल?"

"कोंबडी चिवट असते. आजची रात्र काढली तर वाचेल. पण त्या कळपात परत जाणं विसर. एकदा फाडलेली कोंबडी त्या पुन्हा फाडतात."

"तुला विचारलं का मी?"

"आत्ताच विचारलंस."

तिनं हात धुतले आणि लामर्सांच्या पाहुण्यांना कॉफी द्यायला गेली.

संध्याकाळी मेजवानीच्या हॉलमध्ये यान्ना निळ्या झग्यात खुर्चीवर बसली होती. जो भेटायला येई त्याला विचारायची, "मीप?" लोकांना वाटे ती आभार मानतेय. ते म्हणत, "हो, हो, अभिनंदन!" डीका ग्लास भरत फिरत होती आणि त्या दिवशी तिनं दोनदा दारू सांडली. आमच्याकडे ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहते.

रविवारी सकाळी यान्ना दारापर्यंत आली. पायरी स्वच्छ घासलेली आणि रिकामी होती. ती परत फिरली आणि अंथरुणात शिरली. सोमवारी ती उठलीच नाही.

बेरेंड मला सांगायला आला तेव्हा डीका माझ्याकडेच होती, फवाऱ्याची दुसरी बाटली न्यायला. तिनं ऐकलं, बाटली टेबलावर ठेवली आणि तडक लामर्सांकडे गेली. मी मागोमाग. यान्नाच्या पलंगाशी उभी राहून ती म्हणाली, "यान्ना, चूक माझी आहे. फुलांना मेण मी लावू दिलं नाही. कोंबडी आत मी कोंडली. ती जिवंत आहे, पण खूप लागलंय तिला."

डीकाच्या तोंडून "चूक माझी" हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कौतुक करायची ती वेळ नव्हती. यान्नानं डावा हात उचलून दार दाखवलं.

"नको," ती म्हणाली.

पहिल्या शेजारणीला घरातून बाहेर काढणं ही आमच्या रस्त्यावर साधी गोष्ट नाही. लोक भावांशी बोलणं टाकतात, पहिल्या शेजाऱ्याशी नाही. डीका बाहेर पडली. त्यानंतर ती रोज यायची, पाव आणि दूध खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची, कोंबड्यांना दाणे घालायची आणि परत जायची. उंबरा तिनं ओलांडला नाही. कमान उतरवायची वेळ झाली तरी कुणी उतरवली नाही. लाल फुलं धुऊन धुऊन फिकट गुलाबी झाली आणि फांद्यांच्या सुया गळायला लागल्या.

इकडे मीप वाचली. डीका तिला दुधात भिजवलेला पाव आणि उकडलेलं अंडं भरवायची. "अंडं खाते ही," ती मला म्हणाली. "लाज नाही." माश्यांनी जखमेवर अंडी घालू नयेत म्हणून पेंढा सकाळ-संध्याकाळ बदलायची, फवारा मारायची. आणि सगळा वेळ तिला रागवत असायची. खिडकीवरून जाताना मी ऐकायचो, "खा. बघतेस काय? मला दुसरी कामं नाहीत का?" जखमेवर कोरडी खपली धरली, डोळा उघडला, आणि एक दिवस मीपनं डीकाच्या स्टुलावर अंडं घातलं. डीकानं ते अंडं तीनदा धुतलं. फवारा मारलेल्या कोंबडीचं अंडं खायचं नसतं, म्हणून टाकून दिलं, पण आधी मला बोलावून दाखवलं.

"आता ऐक," मी म्हटलं. "कोंबड्या विसरतात. जितके दिवस ही बाहेर राहील तितकी परकी होईल. रोज थोडा वेळ खोक्याला जाळी लावून त्यांच्यासमोर ठेव. बघू देत, टोचता येणार नाही असं."

दुसऱ्या दिवसापासून टपालाच्या जुन्या सायकलवर पुढच्या कॅरिअरला खोका बांधून डीका लामर्सांच्या अंगणात यायला लागली. खोका तिनं कोंबड्यांच्या जाळीला लागून ठेवला, अंगणाच्या पार टोकाला.

बेरेंड चिडला. "अगं, दाराशी ठेव ना! यान्नाला जवळून बघू दे."

"खिडकीतून दिसतेय की."

"तिला चालवत नाही, माहीत आहे ना तुला?"

"दारापर्यंत चालवत होतं."

"काळीज आहे का तुला, डीका?"

"खोका इथेच राहणार," डीका म्हणाली आणि सायकलीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, आता हिनं उरलंसुरलंही घालवलं.

पहिल्या दिवशी खिडकीचा पडदा हलला, बस. दुसऱ्या दिवशी यान्ना दारात दिसली, रात्रीच्याच कपड्यांत. "मीप," ती म्हणाली, आणि तिकडे खोक्यात मीप मान वर करून ओरडायला लागली. यान्ना पायरीवरून उतरली. चाकं विटांच्या वाटेत अडकली, ती थांबली, परत गेली. त्या दुपारी डीका गुडघ्यांवर बसून ती वाट उकरत होती. वर आलेल्या विटा काढून, खाली वाळू घालून एकसारख्या बसवत होती. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुझं फूल कोबीसारखं होतं, वीट कशी होईल?" पण फावडं मला दिलं.

यान्ना रोज थोडी पुढे यायला लागली. एके सकाळी खोक्यापर्यंत पोचली आणि जाळीतून दाणे भरवले. डीकाकडे तिनं बघितलं नाही, आणि डीका सायकलीची घंटी पुसत राहिली. व्यायामाची मुलगी म्हणाली, "कमाल आहे! कसं जमवलंत?" बेरेंड म्हणाला, "शेजारणीनं." एवढंच बोलला, पण डीकाला ऐकू जाईल असं बोलला.

राहिलं होतं कोंबडीला परत आत सोडणं. खोक्यात ती जन्मभर राहू शकत नव्हती, आणि डीकाच्या धुण्याच्या खोलीत राहिली असती तर यान्नाला ती पाहुणी म्हणूनच भेटली असती. पहिल्या प्रयत्नात मीपला सोडलं, तर सगळ्यांत मोठी तांबडी कोंबडी सरळ तिच्या पाठीवर गेली आणि त्या निळ्या डागावरच टोचायला लागली. डीका लाकडी बुटांसकट आत घुसली, ओरडली, एका कोंबडीला तर पायानं बाजूला सारलं, आणि मीपला काखेत धरून बाहेर आली. खिडकीत यान्ना होती. तिचा हात काचेवर होता.

डीका माझ्या गोठ्यात येऊन बसली.  चेहरा इतका पडलेला होता की मला थट्टा सुचेना.

"ही एकटीच निळी आहे," ती म्हणाली. "म्हणून त्या टोचतात. किती बाटल्या आहेत तुझ्याकडे?"

"कशाला?"

"सगळ्यांना मारू."

"अगं, वेड लागलंय का? अंडी महिनाभर फेकून द्यावी लागतील!"

"फेकू. बेरेंडला मी दुकानातली आणून देईन."

संध्याकाळी कोंबड्या दांडीवर झोपायला बसल्या की त्या सुस्त होतात. आम्ही आत गेलो. मी एकेक उचलून धरायचो, डीका मान आणि पाठ फवारायची. कोपरापर्यंत तिचे हात निळे झाले, नाकाचा शेंडाही. शेवटी मीपला बरोबर मधोमध, त्या मोठ्या तांबडीच्या शेजारी बसवलं आणि दार लावलं.

सकाळी मी पोचलो तेव्हा डीका आधीच जाळीला चिकटून उभी होती, हातात झाडू घेऊन. कोंबड्या बाहेर आल्या. एकमेकींकडे बघून थबकल्या. या कोण नव्या, असं प्रत्येकीला वाटलं असावं. एकीनं मीपला चोच मारली, दुसरीनं मोठ्या तांबडीला मारली, कुणी कुणावर तुटून पडावं हे कुणालाच ठरवता येईना. मग सगळ्या दाण्यांकडे वळल्या. मीपही.

दार उघडलं. आज अंगणात खोका नव्हता, तरी यान्ना विटांच्या वाटेवरून थेट जाळीपर्यंत चालत आली. कुठेही न थांबता. तिनं कोंबड्या बघितल्या, सगळ्या निळ्या. मग डीकाला बघितलं, हात निळे, नाक निळं. झटक्यानंतर यान्नाचा अर्धाच चेहरा हलतो, पण ते अर्धं तोंड पसरलं आणि ती मोठ्यानं हसली. बेरेंड बनियनवर धावत बाहेर आला, त्याला वाटलं ती पडली. मीप जाळीशी आली आणि तिच्या तळहातावरचे दाणे टिपायला लागली.

हसू ओसरल्यावर यान्ना डीकाकडे वळली. तिचे ओठ काहीतरी जुळवू लागले. एरवी बेरेंड तिचं वाक्य पुरं करतो. त्या दिवशी त्यानं केलं नाही. 

"कॉफी," यान्ना म्हणाली.

हा चौथा शब्द.  डीकानं झाडू जाळीला टेकवला, तो पडला, तिनं उचलला नाही.

"हात निळे आहेत माझे," ती म्हणाली.  "तुझे चांगले कप खराब होतील."

"हो," यान्ना म्हणाली आणि चाकं घराकडे वळवली.

डीका तिच्यामागून गेली. पायरीवर लाकडी बूट काढले, जोडीनं नीट लावून ठेवले, आणि गुलाबी पडलेल्या त्या कमानीखालून आत गेली. मला कुणी बोलावलं नाही. मी झाडू उचलला आणि कोंबड्यांवर लक्ष ठेवत उभा राहिलो.